डाव मोडला, गोडी उरली



गेल्या चैत्रात आमच्या गावच्या विठ्ठलमंदिराच्या ओसरीवर एका पाहुण्या माळकऱ्यांनी मला विचारले, "बुवा, गळ्यात तुळशीची माळ आणि पुढ्यात बुद्धिबळाचा पट, हे कसे काय?" त्यांच्या विचारण्यात कुत्सितपणा नव्हता. खरोखरच नवल वाटून त्यांनी विचारले. मी हसून वेळ मारून नेली. पाहुणे चहा घेऊन पुढच्या गावाला गेले, पण त्यांचा प्रश्न मात्र माझ्या मागोमाग घरी आला.

हा प्रश्न एकट्या माझा नाही, म्हणून तो आपल्यापुढे मांडतो. आपल्यापैकी कुणी दुपारी पत्त्यांचा डाव मांडत असेल, कुणी नातवंडांबरोबर सापशिडी खेळत असेल, कुणी क्रिकेटचा सामना पाहत असेल. पाहून झाल्यावर मनाला थोडी टोचणीही लागत असेल, की एवढ्या वेळात किती माळा झाल्या असत्या. तेव्हा बुद्धिबळ हे निमित्त समजावे. विचारायचे आहे ते असे, की ज्यातून काही मिळत नाही, ज्याने कुणाचे पोट भरत नाही आणि ज्याला परमार्थ म्हणता येत नाही, असा निव्वळ गमतीचा खेळ वारकऱ्याने खेळावा काय?

आधी पाहुण्यांची बाजू पूर्ण मांडू, कारण ती हलकी नाही. नरदेह दुर्लभ आहे. आयुष्याची दोरी किती उरली हे कुणालाच ठाऊक नसते, आणि आमच्यासारख्यांची तर थोडीच उरलेली असते. नोकरीत असताना आपणच म्हणत होतो की निवृत्त झालो की भजनाला लागू. आता तो वेळ हाती आला तर तो चौसष्ट घरांत का घालवायचा? संतांनी खेळांचे दाखले दिले म्हणून खेळायला मुभा दिली, असे म्हणणे ही वकिली झाली. तुकोबारायांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतुतू, फुगडी, टिपरी यांवर अभंग आहेत हे खरे. पण ते उपदेशासाठी आहेत, खेळाची शिफारस करण्यासाठी नव्हेत. एवढे सगळे मान्य करूनच मी पुढे लिहितो आहे.

आता थोडे माझ्याविषयी. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली. माझे खेळातले भिडू आप्पा. ते एसटीचे ड्रायव्हर होते. आमचे गाव कृष्णाकाठी, सांगलीच्या आसपास. सांगली नाट्यपंढरी म्हणून प्रसिद्ध आहेच, पण बुद्धिबळाचे शौकीन तिला आपलीही पंढरी मानतात. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी या खेळाची तिथे पिढ्यान् पिढ्या सेवा केली. अर्थात आमचा खेळ त्या तोडीचा नाही. पंढरी जवळ आहे म्हणून प्रत्येक जण संत होत नाही, तसेच हे. आप्पांना घोड्याची अडीच घरे मोजताना अजून बोट लागते, आणि मी राजावरचा शह सोडून भलतीकडेच पाहत बसतो.

आमचे नियमही घरगुती आहेत. घड्याळ नाही. चूक दिसली की आप्पा स्वतःच म्हणतात, "तिथे ठेवू नका, उंट खातोय. घ्या मागे." हरिपाठाची घंटा झाली की अर्धा डाव तसाच टाकून उठायचे. परत येईपर्यंत कुणा पोराने आप्पांचा राजा पळवलेला असतो, किंवा दोन प्यादी जास्तीची उभी केलेली असतात. मग काय चालले होते यावर दोघांचे एकमत होत नाही आणि नवा डाव मांडला जातो. एखाद्याने प्यादेमात केली तर हरलेल्याने जिंकणाऱ्याला चहा पाजायचा, कारण जुन्या माणसांना प्यादेमातीचे भारी कौतुक असे.

आप्पा हरतात तेव्हा पाहण्यासारखे असतात. मात झाली की ते पटाकडे दोन क्षण निरखून पाहतात आणि मग मोठ्याने हसतात. कुणीतरी छान कोडे घातले आणि आपल्याला सुटले नाही, याचेच त्यांना हसू येते. ते खेळताना मनापासून विचार करतात, कपाळाला आठ्या घालतात, जिंकायचा पुरेपूर प्रयत्न करतात. पण डाव संपला की त्यांच्या अंगाला त्यातले काही चिकटत नाही.

माझे तसे नव्हते. ही गोष्ट सांगायला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे पोकळ राहील. हिशेब खात्याची सवय जाईना, म्हणून मी एक वही केली होती. तीत प्रत्येक डाव लिहीत असे. डाव्या बाजूला आप्पा, उजव्या बाजूला मी. आप्पांना त्या वहीचा पत्ताही नव्हता. सुरुवातीला ते खूप पुढे होते. हळूहळू अंतर कमी होत गेले आणि दोन वर्षांपूर्वीच्या माघात दोन्ही बाजू समसमान झाल्या. पुढचा डाव जिंकला की मी पुढे जाणार होतो.

त्या दुपारी आप्पांनी आपला उंट उचलला आणि लगेच त्यांच्या ध्यानात आले की तो हलला तर मागचा वजीर माझ्या हत्तीपुढे उघडा पडतो. त्यांनी उंट जागेवर ठेवला आणि दुसऱ्या मोहऱ्याकडे हात नेला. मी म्हणालो, "आप्पा, हात लावला की चालवायचा." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "हो की, नियमच आहे तो." त्यांनी उंट चालवला. मी वजीर मारला. थोड्या वेळाने डावही जिंकलो. आप्पा नेहमीसारखे हसले. पण पटाजवळ बसलेला माझा नातू, त्याला कसले भान, मोठ्याने म्हणाला, "आजोबा, काल आप्पांनी तुम्हाला दोनदा मागे घेऊ दिलं होतं."

मी वही उघडून उजव्या बाजूला एक रेघ मारली. नियमाने मी बरोबर होतो. कुठल्याही स्पर्धेत पंचांनी माझ्याच बाजूने निकाल दिला असता. पण त्या रेघेकडे पाहताना मला बरे वाटेना. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचे निमित्त सांगून मी ओसरीवर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दुसरे निमित्त निघाले. आप्पांचा काही राग नव्हता. पण ज्याच्याशी आपण वाईट वागतो, त्याचे तोंड पाहणे आपल्यालाच नकोसे होते, हा अनुभव आपणासही असेल.

त्याच आठवड्यात गावचा अखंड हरिनाम सप्ताह बसला. विण्याचा माझा पहारा रात्री दोन ते चार होता. गळ्यात वीणा, मुखात नाम, आणि डोक्यात काय, तर आप्पांचा उघडा पडलेला वजीर! पायांनी पावली पडत होती आणि मन मात्र जिंकलेला डाव पुनःपुन्हा खेळत होते. हरलेला डाव छळतो हे ऐकले होते, पण जिंकलेलाही इतका छळतो हे त्या रात्री कळले. चार वाजले. पुढचा पहारा कुणाचा हे मी पाहिलेच नव्हते. समोर आप्पा उभे.

आपण सारे जाणताच, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, ती खाली ठेवायची नसते. आणि देताना-घेताना दोघे एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. तिथे मोठा-धाकटा नसतो, हरला-जिंकला नसतो. आप्पा वाकले आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला. मग मी वाकलो. त्यांच्या पायांशी डोके टेकले आणि उठायला जरा उशीरच झाला. वीणा गळ्यात घेताना आप्पा हळूच म्हणाले, "उद्या पांढरी मोहरी तुमची." आणि नाम घेत चालू लागले.

माउली, त्या पहाटे मला दोन गोष्टी कळल्या. त्या नव्या नाहीत. आपण रोज ऐकतो त्याच आहेत. पण मला त्या पटावर कळल्या.

पहिली गोष्ट अशी, की दोष खेळात नव्हता, वहीत होता. तोच पट, तीच बत्तीस मोहरी, तीच ओसरी. त्यातून आप्पा मोकळे होऊन उठत आणि मी बांधला जाऊन उठत असे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळाची आशा धरू नये असे सांगितले आहे. त्यावर ज्ञानोबारायांनी जे सांगितले त्याचा भाव असा, की हाती घेतलेले कर्म पूर्ण झाले तर हुरळून जाऊ नये, आणि काही कारणाने अर्धवट राहिले तर खंतही करू नये. मी हे किती प्रवचनांत ऐकले असेल! पण अर्धा डाव टाकून हरिपाठाला हसत उठणारे आप्पा ते आचरणात आणत होते, आणि ओवी पाठ असलेला मी रेघा मारीत होतो. फळाची आशा सोडायची म्हणजे प्रयत्न ढिला करायचा, असा आपला एक गैरसमज असतो. आप्पांकडे पाहून तो फिटतो. खेळताना कपाळाला आठ्या, संपल्यावर तोंडभर हसू. प्रयत्नात काटकसर नाही आणि फळात गुंतवणूक नाही. खेळ हे अशा वागण्याचा सराव करायचे फार सोपे ठिकाण आहे, कारण इथे हरल्यावर शेत जात नाही की घर जात नाही. जो साध्या डावातले हरणे पचवू शकत नाही, तो प्रपंचातले मोठे हरणे कसे पचवणार?

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. ती वही मी फक्त बुद्धिबळाचीच ठेवली होती काय? माउली, आपण स्वतःला विचारून पाहू. दिंडीत नवा माणूस भेटला की आपण विचारतो, "आपली कितवी वारी?" तो म्हणतो नववी. आपली बाविसावी असते, आणि ती सांगताना आवाज किंचित चढतो. तो एकतिसावी म्हणाला तर आपण विषय बदलतो. आज किती माळा झाल्या, सप्ताहात किती वर्षे पहारा केला, कीर्तनात टाळकऱ्यांत आपली जागा पुढे की मागे, दिंडीचा नंबर कितवा, हे सारे आपण मनातल्या वहीत लिहीतच असतो. मोजणे वाईट असे मी म्हणत नाही. नियम पाळायला मोजणे लागते. पण मोजता मोजता दुसऱ्याच्या पुढे जाण्याची इच्छा कधी शिरते ते कळत नाही. मी बुद्धिबळाला परमार्थासारखे निर्मळ करायला हवे होते, त्याऐवजी परमार्थालाच स्पर्धा करून बसलो होतो.

आता आपल्या वारीकडे पाहा. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावाकडे निघते तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. दुतर्फा वारकरी, मधून अश्व धावतात. एकावर स्वार असतो आणि दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. ते दोन घोडे धावतात, पण ती शर्यत नव्हे. कोण पुढे गेले याचा निकाल कुणी लावत नाही, कुणाला बक्षीस मिळत नाही. घोडे जातात आणि माणसे त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मग फुगड्या सुरू होतात. सत्तर वर्षांची आजी कुणा अनोळखी मुलीचे हात धरून गरगर फिरते. फुगडीत कोण जिंकले? प्रश्नच चुकीचा आहे. एकीने हात सोडला तर दोघी पडतात, म्हणून दोघी एकमेकींना धरून ठेवतात. खेळ असावा तर असा, आणि तो आपल्या संप्रदायाच्या अंगणातच आहे. गोपाळकाल्यात कुणाची शिदोरी मोठी हे कुणी विचारत नाही, सगळे एकत्र कालवतात, हेही तसेच.

याच्या मुळाशी खोल विचार आहे. परब्रह्माला काही उणे नाही, काही मिळवायचे नाही, मग त्याने हे जग का निर्माण केले? ब्रह्मसूत्रांनी याचे उत्तर लीला या शब्दात दिले. राजाला काही कमी नसतानाही तो खेळतो, तसे. आणि आपले ज्ञानोबाराय तर जगाला चिद्विलास म्हणतात, चैतन्याचा विलास. काही मिळवायचे नसताना जे घडते ते लीला, आणि काही मिळवण्यासाठी जे घडते तो व्यवहार. मग जो म्हातारा काही मिळवायचे नसताना निव्वळ आनंदाने डाव मांडतो आणि आनंदाने मोडतो, त्याच्या हातून त्या लीलेची एक बारीकशी नक्कल होत नाही काय? मी ही तुलना जपून करतो. ओसरीवरचा डाव म्हणजे ब्रह्मानंद नव्हे. पण मूल बापाची मोठी चप्पल घालून अंगणात चालते, त्यातही बापाची चाल थोडी दिसतेच.

इथे एक खुलासा करतो. ज्यांचे ते कर्म आहे त्यांनी जिंकण्यासाठीच खेळावे. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला आणि डाव संपताच तिला रडू आवरेना. ते आपण पाहिले आणि आपलेही डोळे भरले. तिची ती तपश्चर्या होती. आणि ज्यांनी ते शिखर पाहिले, त्यांतही पट बाजूला ठेवणारे झाले आहेत. पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकलेले. त्यांनी इंग्लंडात जाऊन 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला हरवले. मायदेशी परतल्यावर 1935 मध्ये व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना खेळले. त्यात नऊ जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. त्यानंतर ते स्पर्धांच्या जगात दिसले नाहीत. शेतीवाडीत राहिले. एवढे हातात आलेले खाली ठेवता येते, हे त्यांच्या चरित्रातून दिसते. आमच्या हातात तर काही नव्हतेच, एक वही होती, आणि तीही सुटत नव्हती.

तर पाहुण्यांच्या प्रश्नाला आता उत्तर देतो. खेळावे, पण स्वतःवर पहारा ठेवून. हरिपाठाची घंटा झाल्यावर हात पटावरून सहज उठत असेल तर तो खेळ आहे, आणि "एवढी एक खेळी" म्हणत घंटा कानाआड होत असेल तर ते व्यसन आहे, मग डाव कितीही बुद्धीचा असो. घरात कुणी आजारी असताना, शेजारी कुणाला आपली गरज असताना पट सुचत असेल तर ते पाप आहे. ज्याच्याशी खेळलो त्याच्याबद्दल उठताना माया वाढली असेल तर तो डाव सार्थकी लागला, मग हरलेला का असेना. आणि माया घटली असेल, तर जिंकूनही आपण वजीर गमावला. पैसा लावलेल्या डावाविषयी तर बोलायलाच नको. द्यूताने धर्मराजाचे काय केले ते आपण जाणतो.

कुणी म्हणेल, एवढा पहारा ठेवण्यापेक्षा खेळच सोडून दिला तर? ज्याला ते साधेल त्याला माझा दंडवत. सर्व वेळ नामात राहणारा माणूस माझ्यापेक्षा थोर आहे, यात शंका नाही. पण आमच्यासारख्यांचे मन दुपारच्या वेळी नामात राहत नाही. ते मग गावच्या उखाळ्यापाखाळ्यांत, सुनेच्या उणेदुण्यांत आणि जुन्या नोकरीच्या तक्रारींत फिरायला जाते. त्यापेक्षा आप्पांच्या घोड्यापुढे ते दोन तास गुंतले तर कुणाची निंदा तरी घडत नाही. शिवाय आप्पांनी मला कीर्तनात जे शिकवले नसते ते हरताना हसून शिकवले. सत्संग कुठे घडेल हे आपण ठरवीत नाही.

सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी मी आप्पांना वही दाखवली आणि सगळे सांगितले. त्यांनी चष्मा लावून पाने उलटली. म्हणाले, "एवढे डाव झाले आपले? अहो, म्हणजे एवढा चहा प्यालो की आपण!" त्यांच्या लेखी त्या रेघा डावांच्या नव्हत्याच, सोबतीच्या होत्या. मागे-पुढे कोण आहे हे त्यांनी पाहिलेदेखील नाही. वहीची कोरी पाने नातवाने चित्रे काढायला घेतली. लिहिलेली पाने मी फाडली नाहीत. अधूनमधून पाहतो, आपण काय होतो ते लक्षात राहावे म्हणून.

वही गेली तरी खोड पुरती गेली आहे असे समजू नका. परवाच आप्पांनी लागोपाठ तीन डाव जिंकले आणि माझ्या मनाने आपोआप तीन रेघा मारल्या. फरक एवढाच, की आता मारलेली रेघ दिसते, आणि दिसली की हसू येते.

माउली, येत्या आषाढीला आपली वाटेत भेट होईल न होईल. पण कुणी आपल्याला "कितवी वारी?" असे विचारले, तर एकदा आकडा न सांगता त्याचे हात धरून फुगडी घालून पाहा. आणि आमच्या गावावरून जाणे झाले तर विठ्ठलमंदिराच्या ओसरीवर जरूर या. पट मांडलेला असेल. खेळता येत नसले तरी चालेल, आम्हालाही फारसे येत नाही. चूक झाली तर आप्पा मागे घेऊ देतात. आता मीही देतो.

रामकृष्ण हरी.